ठसेताईंची ओकापी

ठसेताईंशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या टेबलावर हलकेच थाप मारावी लागे. मग त्या डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून वर बघायच्या, आणि आपण घाई न करता, तोंड नीट उघडून बोलायचं. त्यांना ऐकू यायचं नाही. पण ओठ वाचण्यात त्या इतक्या तरबेज होत्या, की मालकांबद्दल काही बोलायचं असलं तर आम्ही बायका त्यांच्याकडे पाठ करून बोलायचो. एकदा मी विसरले. मालकांच्या केसांचं काहीतरी कौतुक केलं, तर हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ठसेताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, विग आहे तो!" स्वतःचा आवाज किती मोठा होतो याचा त्यांना अंदाज नसायचा. मालक माझ्या मागेच उभे होते.

आमची टांकसाळ सरकारी नव्हे, खासगी. पदकं, बिल्ले, आणि परदेशांनी मागवलेली संग्राहकांची नाणी असं आमचं काम. ही नाणी घेऊन कुणी भाजी आणायला जात नाही. हौशी माणसं ती मखमलीच्या डबीत ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात आणि पाहुण्यांनी बोट लावलं की चिडतात. मी पॅकिंगला होते. हातमोजे घालून नाणं डबीत बसवायचं, झाकण लावायचं, खोक्यात रचायचं. ठसेताईंचं काम आमच्या सगळ्यांच्या आधीचं. ज्या पोलादी ठशाने नाणं उमटतं, तो ठसा त्या कोरायच्या.

मुलगी झाल्यानंतर आलेल्या तापात त्यांचे कान गेले होते. लेकीचं रडणं त्यांनी जेमतेम काही दिवस ऐकलं असेल. नवरा जहाजावर कामाला होता. एका खेपेला गेला तो जहाजावरच राहिला, असं त्या हसून सांगायच्या. त्याने दुसरीकडे संसार थाटला होता हे सगळ्यांना माहीत होतं. तान्ह्या लेकीच्या छातीवर तळहात ठेवून त्या झोपायच्या. ती रडायला लागली की हाताला कळायचं. त्याच हाताने पुढे त्या कोरायला शिकल्या. मुलगी मोठी झाली आणि दुसऱ्या गावात केस कापायचं दुकान काढून बसली. ती फार कमी यायची. का, ते विचारलं की ठसेताई भिंग डोळ्यावर ओढायच्या. विषय संपला.

एका वर्षी आफ्रिकेतल्या एका देशाची मागणी आली. चांदीचं नाणं, त्यावर ओकापी. मी तर हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते. मालकांनी फोटो दाखवले. जिराफासारखं तोंड, पण मान तेवढी लांब नाही. अंग गडद तपकिरी, मखमली. मागच्या पायांवर झेब्र्यासारखे पांढरे पट्टे. आणि कान! एवढे मोठे कान की वाटावं, हे जनावर आधी कान म्हणून जन्माला आलं आणि बाकीचं अंग नंतर चिकटवलं. त्या एका देशाच्या दाट जंगलाशिवाय हे जगात कुठे मोकळं राहत नाही, आणि तिथेही आता थोडीच उरली आहेत, असं मालकांनी सांगितलं.

ठसेताईंनी फोटो बाजूला सारले. "हे सपाट आहे. मला जनावर पाहिजे."

आमच्या शहरातल्या प्राणीसंग्रहालयात एक ओकापी होती. म्हातारी मादी. ठसेताई वही घेऊन सकाळच्या तिथे जायला लागल्या. दोन-तीन दिवसांनी मला म्हणाल्या, "उद्या तू माझ्याबरोबर चल. तिथल्या रखवालदाराला एवढ्या झुपकेदार मिशा आहेत की त्याचे ओठच दिसत नाहीत. तो बोलतो आणि मला नुसत्या मिशा हलताना दिसतात."

म्हणून मी गेले. सकाळची वेळ, माणसं नव्हती. ओकापीचं आवार अगदी टोकाला, झाडांच्या गर्दीत. मागे तिची लाकडी खोली होती, जाड फळ्यांची. रखवालदार काका मिशांच्या मानाने फारच मृदू माणूस निघाले. ओकापी खोलीत उभी होती, अर्धी अंधारात. पट्ट्यांमुळे तिचे पाय आधी दिसले आणि मग हळूहळू बाकीची ती. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. एक कान आमच्याकडे वळवला, दुसरा कोपऱ्यातल्या गवताकडेच ठेवला.

ठसेताई चित्र काढता काढता थांबल्या. उठून फळ्यांच्या भिंतीला तळहात लावला. मग मला म्हणाल्या, "विचार यांना, भिंतीमागे कुठलं यंत्र चालू आहे?"

मी विचारलं. काकांच्या हातातली पाल्याची फांदी तशीच राहिली. "कुठलंच नाही. का?"

"काहीतरी घुमतंय," ठसेताई म्हणाल्या. "घुमतं, थांबतं. परत घुमतं."

मी भिंतीला हात लावला. मला काही कळलं नाही. फळी थंड होती, एवढंच.

काकांनी फांदी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते मी ठसेताईंकडे तोंड करून एकेक वाक्य परत म्हणत गेले. या जनावराचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, फार खालचा असतो. एकदा मोठे अभ्यासक यंत्रं घेऊन आले होते, त्यांनी तो पकडला होता. जंगलात ओकापी पिल्लाला झुडपात लपवून चरायला जाते. पिल्लू हलत नाही, चूं करत नाही. आई लांबून या आवाजात बोलत राहते आणि पिल्लू तसंच उत्तर देतं. बिबट्या मधून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. या ओकापीला इथे एक पिल्लू झालं होतं. त्या कोपऱ्यातल्या गवतात तिने ते ठेवलं. ते तिथून उठलंच नाही. काकांनीच ते बाहेर काढलं.

"तेव्हापासून ती अशी बोलावत राहते," काका म्हणाले. "यंत्र नसलं तरी मला कळतं. ती बोलवायला लागली की शेजारच्या पिंजऱ्यातले पक्षी गप्प होतात."

मी कान दिला. खरंच, आजूबाजूला पक्ष्यांचा चिवचिवाट नव्हता. आपण आलो तेव्हा होता का, हे मला आठवेना, आणि ते न आठवणंच मला आवडलं नाही.

ठसेताईंनी भिंतीवरचा हात काढला नव्हता. "ती मध्ये थांबते," त्या म्हणाल्या. "उत्तराला जागा सोडते."

त्यानंतर त्या रोज जायच्या आणि दुपारी येऊन कामाला बसायच्या. ठसा एकदम पोलादात कोरत नाहीत. आधी ताटाएवढ्या प्लास्टरच्या चकतीत चित्र उठवतात, मग यंत्र ते लहान करून पोलादावर उतरवतं आणि शेवटचा हात पुन्हा माणसाचा. ठसेताईंनी चकतीवर ओकापी उठवली. मागे वळून पाहणारी, कान पसरलेली. मागणी करणाऱ्यांनी पाठवलेल्या आराखड्यात ती समोर बघत होती; ठसेताईंनी तिची मान वळवली आणि मालकांना पटवलंही.

एक दिवस चहाच्या सुट्टीत त्यांनी मला खुणेने बोलावलं. माझा हात धरून चकतीवर ठेवला. "काही लागतंय?"

प्लास्टर अजून ओलसर होतं. मी डोळे मिटले. काही नाही, म्हणणार होते. पण जाड गोधडीखाली मांजर झोपलेलं असावं आणि आपण वरून हात ठेवावा, तसं काहीतरी. आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. मी हात झटकन काढून घेतला आणि एप्रनला पुसला.

"तिचाच आवाज असेल," मी म्हटलं. "तुमच्या हातात बसलाय तो."

"तिचा नाही," ठसेताई म्हणाल्या. "तिचा लांब असतो. हा आखूड आहे. ती थांबते ना, त्या मधल्या जागेत हा येतो."

मी जाऊन उरलेला चहा बेसिनमध्ये ओतून टाकला.

गोष्ट मालकांच्या कानावर गेली, कारण ठसेताईंनी ती आपल्या नेहमीच्या आवाजात मला सांगितली होती. मालक घाबरले ते वेगळ्याच गोष्टीने. कोरणाऱ्याच्या बोटांच्या नसा गेल्या तर काय? त्यांनी ताईंच्या मुलीला फोन केला आणि डॉक्टरकडे न्यायला सांगितलं.

मुलगी आली. आईसारखीच बारीक अंगाची, पण चेहरा मिटलेला. डॉक्टरांनी बोटं टोचून, दाबून पाहिली आणि म्हणाले, बोटं ठणठणीत आहेत. आईला सोडायला ती टांकसाळीत आली तेव्हा ठसेताईंनी तिलाही चकतीजवळ नेलं. इतक्या उत्साहाने, की मला बघवेना. लहान मूल आपलं चित्र दाखवायला नेतं तसं.

मुलीने हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग आईच्या समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मला काही लागत नाही, आई. आणि एक सांग. घरात मी रडरड रडायचे ते तुला कळायचं नाही. आणि ही कुठली कोण, भिंतीपलीकडची, हिचं तुला कळतं?"

हॉलमधली यंत्रं चालू होती, पण आम्ही सगळे थांबलो होतो. ठसेताईंनी लेकीच्या ओठांवरून नजर काढली नाही. म्हणाल्या, "हात ठेवलेला असला की कळायचं मला."

"हात कामावर असायचे तुझे," मुलगी म्हणाली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

पोलादी ठसा आदल्या दिवशीच तयार झाला होता; त्याच दुपारी पहिली नाणी निघाली. प्रेसवर आमचे एक जुने दादा होते, प्रेसदादा. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस. त्यांचा तेलाच्या डब्यावर आणि स्वतःच्या पाठदुखीवर तेवढा विश्वास. नाणी निघाली की फेल्टच्या ट्रेमध्ये एकमेकांना न लागतील अशी मांडतात. दादांनी ट्रे भरून माझ्याकडे दिला. मी हातमोजे घालायला वळले आणि परत पाहिलं, तर सगळी नाणी ट्रेच्या एका कडेला जाऊन दाटीने बसली होती.

"दादा, ट्रे तिरका धरलात का?"

"मी? पंचवीस वर्षं..." दादा सुरू झाले.

मी नाणी पुन्हा मांडली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. बघत असताना काही झालं नाही. दादांनी खिशातून पातळी-नळी काढून टेबलावर ठेवली. तिच्यातला बुडबुडा अगदी मधोमध. "बघ," ते म्हणाले, "टेबल सरळ आहे." आम्ही नळीवरून नजर उचलली तेव्हा नाणी पुन्हा कडेला होती. फेल्टवर त्यांच्या घसरण्याचे बारीक माग उठले होते, गवतातून कुणी चालत गेल्यासारखे. मी ट्रे उलटा फिरवला. थोड्या वेळाने नाणी ट्रेच्या दुसऱ्या कडेला गेली. कड बदलली होती, दिशा तीच होती. पूर्वेकडची भिंत.

दादांनी ट्रेवर जाड फडकं टाकलं आणि कोपरे ठोकळ्यांनी दाबून ठेवले.

आम्ही तिथेच उभे असताना दारात मिशा दिसल्या. रखवालदार काका होते, धापा टाकत, कामाचे बूट चिखलाने माखलेले. ते मला शोधत आले नव्हते. मला तिथे पाहून त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तुम्ही इथे काम करता?" ते म्हणाले. "इथे काय बनतं?"

"नाणी," मी म्हटलं. "तुमच्याच ओकापीची. पण तुम्ही इकडे कसे?"

काकांनी भिंतीचा आधार घेतला. ओकापीने कालपासून पाला तोंडात घेतला नव्हता. पश्चिमेच्या भिंतीला नाक लावून उभी होती, दोन्ही कान त्याच बाजूला. कोपऱ्यातल्या गवताकडे तिने पाहणंच सोडलं होतं, इतकी वर्षं जे तिने एक दिवस सोडलं नव्हतं. काकांना वाटलं, त्या बाजूला काही नवं यंत्र बसलं असेल, त्याचा तिला त्रास होत असेल. म्हणून तिचे कान ज्या रेषेत होते त्या रेषेत ते चालत निघाले. बागेची भिंत, ओढ्यावरचा पूल, गोदामं, आणि मग आमचं फाटक.

"आणि तिला त्रास होत नाहीये," काका हळू आवाजात म्हणाले. "मी तिला ओळखतो. ती बोलावत नाहीये आता. ती उत्तर देतेय."

मी फडक्याने झाकलेल्या ट्रेकडे बघितलं. दादांनीही बघितलं. ठसेताई आपल्या टेबलाशी होत्या. काकांचे ओठ त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तरी त्या उठल्या, ट्रेजवळ आल्या, फडकं बाजूला करून एक नाणं उचललं. पहिलंच, चाचणीचं. ते मुठीत घेऊन त्यांनी अंगावर शाल घेतली.

मालकांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पायरीवर बसलेली मुलगी आम्हाला निघालेलं पाहून उठली. "आई, कुठे निघालीस?" म्हणून मागोमाग आली. पुलावरून जाताना ठसेताई मूठ छातीशी धरून इतक्या भराभर चालत होत्या की मिशीवाले काका मागे पडले.

ओकापी तशीच उभी होती. आम्ही आलो तशी ती वळली. तोंड, कान, सगळी एकदम. इतके दिवस जिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ती थेट ठसेताईंच्या मुठीकडे बघत जाळीपाशी आली. काकांनी दार उघडलं. नियमात बसत नव्हतं, पण उघडलं. ठसेताई आत गेल्या, नाणं तळहातावर ठेवून हात पुढे केला. ओकापीची जीभ बाहेर आली, काळपट निळी, लांबच लांब. तिने नाणं चाटलं. परत परत चाटलं, ओलं पिल्लू चाटून कोरडं करतात तसं. मग ओठांनी उचललं, कोपऱ्यातल्या गवताशी नेऊन ठेवलं आणि नाकाने वर गवत ओढलं. अगदी नीट. कुठूनही चमक दिसू नये असं.

मग ती दोन पावलं मागे सरली आणि थांबली.

ठसेताई भिंतीशी आल्या आणि फळीवर हात ठेवला. मी ठेवला नाही. मला धीर झाला नाही, सरळ सांगते. मुलगी आईशेजारी उभी होती. तिने ठेवला. बहुतेक आईची समजूत काढायला. मी तिचा चेहरा बघत होते. आधी तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती पुसली गेली. मग तोंडावरचा रंगच उतरला. तिने हात काढून दुसऱ्या हाताने घट्ट धरला, भाजल्यासारखा.

"दोन आहेत," ती म्हणाली. "एक लांब. एक आखूड."

ती बाहेर निघून गेली. मी मागे गेले. ती झाडाला टेकून उभी होती. मला म्हणाली, "मी लहानपणी रडायचं सोडूनच दिलं होतं, माहितीय? काय उपयोग? मी जमिनीवर पाय आपटायचे. लाकडी जमीन होती आमची. आपटला की आई कुठूनही यायची. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून. दर वेळी यायची. मी हे विसरलेच होते हो. फक्त रडल्याचं लक्षात ठेवलं."

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. ओकापीने सगळा पाला संपवला होता. गाडी दुसऱ्या दिवशी होती खरी, पण मुलगी गेली नाही.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मागणी होती, नाणी पाठवायची होती. पुढचे काही आठवडे मी ती डब्यांत भरत राहिले. त्या दिवसांत मी हातमोजे दुहेरी घालायचे. डबीचं झाकण लावताना दर वेळी वाटायचं, आत कुणाचातरी श्वास कोंडतोय. प्रेसदादांनी कुणी न सांगता मला खोकी उचलायला मदत केली, स्वतःची पाठदुखी विसरून. मालट्रक आला, खोकी गेली. काही त्या देशात, बाकीची जगभरच्या हौशी लोकांकडे.

काकांनी नंतर सांगितलं. मालट्रक निघाल्याच्या सुमाराला ओकापी आवारात येऊन उभी राहिली. आधी तिचे कान हळूहळू रस्त्याच्या बाजूने फिरत गेले. पुढच्या दिवसांत एक कान एकीकडे, दुसरा दुसरीकडे. मग ती आवारात गोल फिरायला लागली. थांबायची, ऐकायची, थोडं वळायची, परत ऐकायची. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून काय येत होतं कोण जाणे. "पण गवताजवळचं सोडून ती लांब गेली नाही," काका म्हणाले. "एक जवळ होतं ना तिच्या."

ठराविक नाणी निघाली की ठसा रद्द करायचा, हा आमच्याकडचा नियम. पुन्हा कुणी त्यातून नाणी पाडू नयेत म्हणून चित्रावर आडवा घाव घालतात. मालकांनी हे काम दादांना सांगितलं. दादा म्हणाले, "मला पाठदुखी आहे." दुसऱ्या कारागिराला सांगितलं, तर त्याला एकाएकी दात दुखायला लागला. मालक वैतागले, पण स्वतः त्यांनीही ठशाला हात लावला नाही. मला वाटतं तेही आत कुठेतरी घाबरले होते. शेवटी ठसेताईच म्हणाल्या, "आणा इकडे. परक्याच्या हातून नको."

त्यांनी ठसा शिकंज्यात पकडला, छिन्नी ओकापीच्या गळ्यावर टेकवली आणि हातोडा उचलला. आम्ही कुणी बघत नव्हतो, पण ऐकलं सगळ्यांनी. एकच घाव. मग त्यांनी हातोडा खाली ठेवून चिरलेल्या पोलादावर तळहात ठेवला. बराच वेळ.

"थांबलं?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग ते कशात आहे, ताई?"

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी नुसती जागा केली."

त्या वर्षीच ठसेताई कामावरून निवृत्त झाल्या. मुलीने आपलं दुकान तिकडून हलवून इकडे, आईच्या घराच्या तळमजल्यावर आणलं. पाटीवर कात्रीचं चित्र ठसेताईंनी रंगवलं. ते इतकं खरं उतरलं की गिऱ्हाइकं आत यायला बिचकतात, असं मुलगी कुरकुरत सांगते.

मी पॅकिंगलाच राहिले, आणि तक्रारी माझ्याच डोक्यावर आल्या. ओकापीच्या नाण्यांच्या. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या माणसांच्या, आणि सगळ्या एकच: तुमची डबी ढिली आहे, नाणं आत सरकतं. डबी कशीही ठेवली तरी एकाच कडेला जाऊन बसतं. मालक मला बोलायचे, "बाई, पॅकिंग घट्ट करता येत नाही का?" मी "हो साहेब" म्हणायचे. काय सांगणार? ते कुठल्या कडेला सरकतं, हे मी फोनवर कुणालाही विचारलं नाही. नकाशा काढून बसण्याची माझी तयारी नव्हती.

मग म्हातारी ओकापी गेली. आजार नाही, काही नाही. गवताच्या कडेला पाय मुडपून बसली होती, तशीच. काकांनी गवतातलं नाणं काढलं आणि रुमालात बांधून ठसेताईंच्या घरी आणून दिलं. चाटून चाटून त्यावरची ओकापी पार गुळगुळीत झाली होती, नुसता एक उंचवटा उरला होता.

मला वाटलं, आता तक्रारी बंद होतील. बंद झाल्या नाहीत, बदलल्या. लोक म्हणायला लागले, नाणं आता कडेला जात नाही. डबीत फिरत राहतं. थांबतं, थोडं वळतं, परत थांबतं. एका बाईंचा फार लांबच्या देशातून फोन आला. त्यांची भाषा मला धड कळत नव्हती, पण त्या रडत होत्या हे कळत होतं. त्यांच्या कपाटातून काहीतरी हाक मारतंय आणि त्यांना ते ऐकू येत नाही, असं काहीसं त्या सांगत होत्या.

काहींनी नाणी परत पाठवली. मालकांनी ती वितळवायला काढली. मी ठसेताईंना निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी त्या आल्या, टेबलावर थाप मारली. या वेळी थाप त्यांनी मारली, मालकांच्या टेबलावर. आणि म्हणाल्या, "ती मला द्या." एवढ्या मोठ्याने, की मालकांनी डोक्याला हात लावून आधी विग सावरला आणि मग कपाटाची किल्ली दिली.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. खाली दुकानात मुलगी कुणाचेतरी केस धूत होती. हात पुसून ती माझ्याबरोबर वर आली. ठसेताई खिडकीशी बसल्या होत्या. समोर टेबलावर जुनी, मऊ रजई घडी करून ठेवलेली, आणि त्यांचा एक हात तिच्या घडीत, मनगटापर्यंत. रजईत काय आहे हे मी विचारलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने मला बसायची खूण केली.

मुलीने चहा आणला. आम्ही गप्पा मारल्या. दादांच्या पाठीच्या, मालकांच्या नव्या विगच्या. बोलता बोलता माझं लक्ष कपाकडे गेलं. कप टेबलावर होता, कुणी हात लावलेला नव्हता, रस्त्यावरून गाडी जात नव्हती. चहावर बारीक वलयं उठत होती. कडेकडून मध्ये जायची आणि थांबायची. मग पुन्हा उठायची.

मुलीनेही ती पाहिली. तिने माझ्या कपावर बशी झाकली आणि म्हणाली, "निवेल तो, प्या लवकर." आणि आईच्या शेजारची खुर्ची ओढून आपलाही हात तिने रजईत घातला.